सराफ्याच्या ओट्यावर

पुस्तकांची परीक्षणे लिहून लिहून मी बरेच स्नेही गमावले आहेत. या खेपेस संपादकांचे पत्र आले, ‘काहीतरी समीक्षात्मक पाठवा, पण घरातल्या सगळ्यांना वाचता येईल असे,’ आणि मी मनाशी ठरवले की यंदा ग्रंथकारांना सुट्टी द्यायची. ज्या गोष्टीवर माझे मत आजवर कोणी विचारले नाही, पण जी मी कित्येक ग्रंथांपेक्षा अधिक आस्थेने वाचली, किंवा खरे सांगायचे तर खाल्ली, तिच्यावर लिहायचे. ती गोष्ट म्हणजे इंदूरचा सराफा. चकलीचा तुकडा तोंडात ठेवून हा अंक चाळणाऱ्या वाचकाला विषय अगदीच परका वाटू नये.

इंदूर पाहिलेल्यांना सांगायला नकोच. न पाहिलेल्यांसाठी थोडे सांगतो. १८१८ साली मंदसोरचा तह झाल्यावर होळकरांनी आपली राजधानी महेश्वरहून इंदुरात आणली. त्यांचा सातमजली राजवाडा, खाली दगडी आणि वर लाकडी, अजून शहराच्या मधोमध उभा आहे. त्याच्या लगत ही सराफांची पेठ. दिवसा गेलात तर काचेच्या कपाटांत बांगड्या, पाटल्या, चांदीची ताटे, आणि दारात चपला काढून आत गादीवर बसलेली लग्नघरची मंडळी. रात्री आठ-नऊच्या सुमारास सराफ कुलपे लावतात. मग अर्ध्या-पाऊण तासात त्याच दुकानांच्या ओट्यांवर आणि पुढच्या रस्त्यावर कढया, पराती, पातेली येऊन बसतात आणि मध्यरात्र उलटून दोनपर्यंत साऱ्या शहराचे जेवणानंतरचे जेवण तिथे चालते. खाणाऱ्यांच्या वर्दळीमुळे दुकानांची आपोआप राखण होई, म्हणून सराफांनीच पूर्वी या मंडळींना ओटे वापरू दिले, असे तिथे सांगतात. कसेही असो, दिवसा जिथे गुंजांचा हिशेब होतो तिथेच रात्री उभ्या उभ्या खायचे, ही कल्पना मला पहिल्यापासून आवडली.

मी प्रथम गेलो तो २००१ साली. त्या वर्षी अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इंदुरात भरले होते. विजया राजाध्यक्ष अध्यक्ष होत्या. माझी मावशी लग्नानंतर सारा जन्म इंदुरातच राहिली. एका संध्याकाळी परिसंवाद आटोपून मी तिच्या घरी पोहोचलो आणि पाटावर बसू लागलो, तर ती म्हणाली, “पोळ्या दोनच खा. बाकीचे पोट सराफ्यासाठी ठेव.” वयाने सत्तरीच्या पुढची, डोक्यावर पदर, पायांत कापडी बूट अशी ती माझ्यापुढे चालत होती आणि गर्दी तिला वाट करून देत होती. त्या रात्री परिसंवादात काय ऐकले ते आज मला आठवत नाही. सराफ्यात काय खाल्ले ते क्रमवार आठवते.

त्यानंतर मी सात-आठ वेळा गेलो. शेवटची फेरी २०२५ च्या जानेवारीतली. तिच्याविषयी पुढे येईलच. इतक्या फेऱ्यांनंतर माझ्यापुरती एक कसोटी तयार झाली आहे, आणि ती आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचे निवाडे कोणाला लहरीपणाचे वाटणार नाहीत. पदार्थ समोर करणारा माणूस तो खरोखर करतो आहे काय, हे मी पाहतो. त्याच्या हाताशिवाय तो पदार्थ तसा झाला असता का? आणि घरी तो आपल्याला जमला असता का? घरी जमण्यासारखे असेल तर रात्री अकराला इतकी पायपीट कशाला करायची?

या कसोटीवर सर्वांत वर बसतो तो भुट्ट्याचा कीस. मक्याची कोवळी कणसे किसणीवर किसायची, तूप-मोहरी-हिंग-हिरव्या मिरचीच्या फोडणीत तो कीस घालायचा, आणि मग दूध ओतत ओतत मंद आचेवर परतत राहायचे. एवढीच कृती. ऐकायला सोपी आहे, म्हणून मी ती पुण्यात करून पाहिली. पहिल्यांदा कीस तळाला लागला, दुसऱ्यांदा त्याची खीर झाली. तिसऱ्या प्रयत्नाला घरच्या मंडळींनी परवानगी दिली नाही. त्यातली मेख अशी की कणसाच्या किसात त्याचे स्वतःचे दूध असते आणि त्यात पिठूळपणाही असतो. आच जरा वाढली की तो पिठूळपणा दुधाला धरून गोळा होतो. हात जरा थांबला की खाली करपतो. सराफ्यातला कीसवाला मोठ्या परातीवजा कढईत उलथणे फिरवत असतो, गिऱ्हाइकांशी बोलतो, पैसे घेतो, सुटे परत करतो, पण उलथण्याचा हात थांबत नाही. द्रोणात घालून वर ओले खोबरे, कोथिंबीर आणि लिंबाची फोड. तोंडात घातला की आधी गोडी, मग मिरची, मग तुपाची मऊ चव, आणि दातांखाली मक्याचा कण अजून शाबूत. तो कण शाबूत राहणे हीच त्यातली विद्या आहे. एका ठेल्यावर मला तो तसा लागला नाही, सगळे गुळगुळीत होते. कणसांच्या जोडीला काहीतरी पीठ पडले असावे असा मला संशय आला. मी अर्धा द्रोण तसाच ठेवला. मावशीने तो उचलून संपवला आणि म्हणाली, “अन्न टाकू नये. मत घरी जाऊन दे.”

खिचडीच्या बाबतीत मात्र माझे आणि सराफ्याचे पहिल्या रात्रीच वाजले. साबुदाण्याची खिचडी आपल्याला काय नवी? तूप-जिऱ्याची फोडणी, दाण्याचे कूट, बटाट्याच्या काचऱ्या, आणि साबुदाणा पारदर्शक होईपर्यंत झाकण ठेवून आणलेली वाफ. आमच्या घरी एकादशीला आजीच्या हातची खिचडी व्हायची, तिला खरपुडी धरायची आणि त्या खरपुडीवरून भांडणे व्हायची. सराफ्यात पाहतो तर एका भल्या मोठ्या भांड्यात पांढराशुभ्र, टपोरा, सुटा साबुदाणा नुसत्या वाफेवर गरम ठेवलेला. फोडणी नाही, परतणे नाही. गिऱ्हाईक आले की त्यातला थोडा वेगळा काढायचा, त्यावर मसाला, मिरची, दाणे, कोथिंबीर, लिंबू घालून भराभर कालवायचा, वरून उपासाच्या बटाट्याच्या चिवड्याची मूठ टाकायची आणि हातात द्यायचा. मी मावशीला म्हटले, “ही खिचडी नव्हे.” ती म्हणाली, “नव्हेच. पण खा.”

मी खाल्ली आणि नापसंत केली. पुढच्या फेरीत पुन्हा खाल्ली, पुन्हा नाक मुरडले. तिसऱ्या फेरीस माझ्या ध्यानात आले की मी कादंबरीची अपेक्षा मनात धरून नाटक पाहत होतो. आपली खिचडी चुलीवर तयार होते. ही हातात तयार होते. हिचे नाते भेळेशी आहे. वाफेमुळे दाणा दाण्याला चिकटत नाही, तुपाचा जडपणा नाही, आणि वरचा कुरकुरीत चिवडा मऊ पडायच्या आत ती संपवायची असते, म्हणून उभ्यानेच खावी लागते. खिचडीवाला प्रत्येकाला विचारतो, “तीखी या मीडियम?” आणि उत्तराप्रमाणे त्याची बोटे मसाल्याच्या डब्यात कमी-अधिक बुडतात. एकाच पातेल्यातून शंभर माणसांना शंभर खिचड्या मिळतात. आपल्या घरच्या खिचडीला हे साधत नाही, कारण तिथे तिखटाचा निर्णय घरधनीण सकाळीच घेऊन बसलेली असते. आता मला दोन्ही आवडतात. मात्र घरी कोणी ‘इंदुरी पद्धतीने’ करून वाढली तर मी पुन्हा पहिल्या मतावर जातो.

जोशी दहीवड्याचे नाव काढल्याशिवाय सराफ्यावरचा लेख पुरा होत नाही, तेव्हा त्याकडे वळतो. त्या दुकानाची ख्याती अशी की दह्याने भरलेला वड्याचा द्रोण वर हवेत उडवायचा, तो फिरत खाली येतो आणि दह्याचा थेंब सांडत नाही. मग एकाच चिमटीत निरनिराळे मसाले धरून ते एकेक करून वेगवेगळे भुरभुरायचे. हे पाहायला माणसे लांबून येतात आणि आता तर सगळे हातातले फोन उंच धरून उभे असतात. समीक्षकाला अशा ठिकाणी संशय यावा हे त्याच्या धर्मातच आहे. गायक फार हातवारे करू लागला की आपण डोळे मिटून ऐकतो. तसे मी एकदा करून पाहिले. मावसभावाला पुढे पाठवले, मी पाठमोरा उभा राहिलो, आणि द्रोण हातात आल्यावर कोणताही चमत्कार न पाहता खाल्ला. वडा उत्तम होता. आत कुठे गाठ नाही, दही दाट आणि आंबूस न झालेले, आणि जिऱ्याची चव आधी व तिखटाची नंतर येत होती. म्हणजे ती चिमटी निव्वळ करामत नव्हती; मसाले एकत्र कालवून टाकले असते तर ही क्रमवारी लाभली नसती. उडवण्याविषयी मात्र माझे मत राखून ठेवतो. तरीही इतके कबूल करतो की पुढच्या वेळी मी तोंड फिरवून उभा राहिलो नाही, आणि द्रोण वर गेला तेव्हा माझ्याही तोंडून ‘अरे!’ निघाले.

विजय चाट हाउसचे खोबऱ्याचे पॅटिस हा गंभीर पदार्थ आहे. बाहेर बटाट्याचे आवरण, आत खोबरे आणि सुकामेवा, तळून काढलेला गोळा आणि सोबत चटण्या. गोड आणि तिखट यांचा वाद आवरणाच्या आतच मिटलेला असतो. चटण्यांत बुडवून खाणाऱ्यांना मी दोष देत नाही, पण पहिला घास कोरडा घ्यावा. नागोरींच्या शिकंजीने मराठी माणूस हटकून फसतो, कारण उत्तरेत शिकंजी म्हणजे लिंबाचे सरबत. इथे मात्र आटवलेल्या दुधाचा, मठ्ठ्याचा, केशर-वेलदोड्याचा घट्ट प्याला पुढे येतो. एक प्याला दोघांत पुरतो. जलेबा नावाची पाव किलोच्या घरात जाणारी जिलबी मला पटली नाही. जिलबीचा प्राण तिच्या बारीक, पोकळ, पाकाने भरलेल्या नळीत असतो, आणि ती नळी अंगठ्याएवढी जाड केली की वर कुरकुरीत आणि आत पीठ. आकार हा गुण नव्हे. काही त्रिखंडात्मक कादंबऱ्यांच्या कर्त्यांनाही मी हे पूर्वी सांगितले आहे आणि त्याचे फळ भोगले आहे. मावाबाटी एकट्याने खाऊ नये.

राहिला गराडू. आपल्याकडे कोनफळ असते त्याच गोत्रातला हा कंद, थंडीत येतो आणि थंडीबरोबर जातो. सोलताना हात खाजतात. तुकडे करून एकदा तळायचे, बाजूला ठेवायचे, आणि मागणी येताच पुन्हा कडक तेलात सोडायचे, म्हणजे वरून खरपूस आणि आतून लोण्यासारखा. मग जीरावन भुरभुरायचे आणि लिंबू पिळायचे. जीरावन म्हणजे जिरे, धने, आमचूर, काळे मीठ, हिंग इत्यादींची ती माळव्यातली पूड, जी इंदूरकर सकाळी पोह्यांवरही घालतात आणि जिची पुडी प्रत्येक पाहुण्याच्या पिशवीत कोंबतात. थंडीच्या रात्री, शाल लपेटून, वाफ येणारा गराडू लाकडी काडीने टोचून खाताना माणसाला इंदुरात घर घ्यावेसे वाटते. पण याच गराडूने मला एकदा दगा दिला. जुना ठेला, गर्दी मोठी, आणि पदरात पडले ते पहिल्या तळणीनंतर फार वेळ पडून राहिलेले तुकडे, बाहेरून चिवट, आत कोरडे ठाक. मालक ओट्यावर बसून गल्ला मोजत होता. कढईपाशी कोणी पोरगा होता, त्याचे लक्ष नव्हते. तीस वर्षांचे नाव होते, असे भाऊ म्हणाला. नाव पाटीवर होते खरे.

हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण २०२५ च्या जानेवारीत गेलो तेव्हा सराफ्यावर मोठा वाद पेटलेला होता आणि त्या वादात ‘जुने’ हा शब्द सारखा कानांवर येत होता. झाले होते असे. २०२४ च्या फेब्रुवारीत मध्य प्रदेशातल्या हरदा येथे फटाक्यांच्या कारखान्यात भीषण स्फोट झाला, आणि मग दाट वस्तीत कुठे कुठे काय धोका आहे याची चर्चा सुरू झाली. सराफ्यात अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना जुनी घरे, आणि मध्ये ओळीने गॅसच्या टाक्या. सराफांची मागणी होती की ही चौपाटी (इंदुरात खाण्याच्या बाजाराला चौपाटीच म्हणतात, समुद्र नसला तरी) दुसरीकडे हलवा. भावाच्या ओळखीच्या एका सराफाकडे आम्ही चहाला बसलो होतो. ते वयस्क गृहस्थ शांतपणे म्हणाले, “तुम्ही खाऊन जाता. सकाळी दुकान उघडताना पायरीवरून पाय घसरतो तो आमचा. आणि आग लागली तर बंब आत कुठून येणार, ते तुम्हीच सांगा.” १९८४ च्या दंगलीत राजवाडा जळाला तो या पेठेने जवळून पाहिला आहे. त्यांच्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते आणि चवीच्या कोणत्याही युक्तिवादाने ते मिळण्यासारखे नाही.

त्यांची दुसरी तक्रार मला फार पटली. पूर्वी मोजके ठेले होते, ज्याचा त्याचा एकेक पदार्थ ठरलेला होता. अलीकडे नूडल्स, मोमो, सँडविच, पिझ्झा असे हरेक प्रकारचे ठेले वाढले आणि गर्दी आवरेना. “सराफ्याची शान गेली,” ते म्हणाले. मी जोरात मान डोलावली. घरी परततानाही मी तेच म्हणत होतो, की बाहेरून आलेले हे पदार्थ हटवावेत आणि जे इथले आहेत तेवढेच ठेवावेत.

मावसभावाची मुलगी बरोबर होती. ती वनस्पतिशास्त्र शिकते. थोडे अंतर ती गप्प चालली, मग म्हणाली, “काका, इथले म्हणजे कोणते?”

मी भुट्ट्याचे नाव घेतले. ती म्हणाली, मका मेक्सिकोचा. मी खिचडी म्हटले. साबुदाणा तमिळनाडूत सेलमकडे होतो, तो कसावाच्या कंदापासून, आणि कसावा दक्षिण अमेरिकेचा; शिवाय त्यातला बटाटा आणि शेंगदाणाही तिकडचाच. पॅटिसमधला नारळ माळव्यात उगवत नाही. जिलबीचे नाव अरबी-फारसी. मिरचीचे तर मी विचारलेच नाही. “गराडू तेवढा पूर्वेकडचा, जुना पाहुणा,” ती म्हणाली, “मग मोमोंचा गुन्हा एवढाच ना, की ते उशिरा आले?”

मी पुस्तकांवर अनेक वाद घातले आहेत, पण रस्त्यातून चालता चालता इतका स्वच्छ पराभव कधी पत्करला नव्हता. आणि मग वाटले की आपली कसोटी आपण स्वतःच विसरलो. पदार्थ कोठून आला हे मी कधी विचारत नव्हतो. समोरचा माणूस तो करतो आहे का, हे विचारत होतो. तेव्हा दुसऱ्या रात्री मी तिच्याबरोबर त्या नव्या ठेल्यांवर गेलो. आयुष्यात प्रथमच.

मोमोंवर माझे मत बदलले नाही, फक्त त्याचे कारण बदलले. मोदकाच्या घराण्यातला हा पदार्थ तिबेट-नेपाळकडचा; पारी पातळ लाटणे आणि मुखऱ्या घालणे यात मोठे कसब आहे हे उकडीच्या मोदकांशी झगडलेल्या कोणाही गृहिणीला सांगायला नको. पण त्या ठेल्यावरच्या माणसाने एकही मुखरी घातली नव्हती. मोमो पिशवीतून भरून आले होते. त्याने ते वाफवले आणि लाल चटणीबरोबर दिले. तो विक्रेता होता, आणि त्यात वाईट काही नाही, पण त्यासाठी सराफ्यात यायचे कारण नव्हते. सँडविचचेही तेच.

नूडल्सवाला मात्र निराळा निघाला. विशीतला पोरगा, बाहेरगावचा. गोल बुडाची कढई तो एका हाताने पुढे-मागे हिसडत होता आणि ज्वाळा कढईच्या काठावर येत-जात होती. कोबी घालायचा क्षण, कांदा घालायचा क्षण, नूडल्स सोडायचा क्षण, सगळे त्याने आपल्या डोळ्यांनी ठरवलेले. आम्ही उभे होतो तोवर त्याने तीन बश्या दिल्या आणि तिन्ही त्याने स्वतः चमच्याच्या टोकाने चाखल्या. कोबी करकरीत होता. तेलाचा थेंब बशीत उरला नाही. मी दोन घास खाल्ले आणि मनात आले, त्या जुन्या पाटीच्या गराडूवाल्याने इथे येऊन एक रात्र उभे राहावे. मग हेही मनात आले की ती काठावर येणारी ज्वाळाच त्या वृद्ध सराफाची झोप उडवीत असेल. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मी भाचीसारख्या त्या पोरीला काही बोललो नाही.

पुढे त्याच वर्षी महापालिकेने चौपाटी आहे तिथेच ठेवायची, पण पारंपरिक पदार्थांचेच ठेले राहू द्यायचे, असे धोरण घेतले. मावशी असती तर तिला आनंद झाला असता. ती २०१३ मध्ये गेली. मलाही झाला, आणि तो पुरता झाला नाही. भुट्ट्याचा कीस आपल्या जागी राहिला, खिचडीचे पातेले राहिले, टाक्या कमी झाल्या तर त्या गृहस्थांची भीतीही थोडी उतरेल. पण निवड करताना पदार्थाचे वय पाहिले गेले. करणाऱ्याच्या हाताकडे कोणी पाहिले का? पाटी जुनी म्हणून तो चिवट गराडू राहील, आणि उशिरा आलेला म्हणून तो पोरगा जाईल. मी परीक्षक समितीवर असतो तर एकेका कढईपाशी उभा राहून खाल्ले असते आणि मग यादी केली असती. अर्थात अशा समितीवर मला कोणी नेमत नाही आणि नेमले असते तर माझ्या डॉक्टरांनी राजीनामा द्यायला लावला असता.

इंदूर २०१७ पासून वर्षानुवर्षे स्वच्छतेच्या सर्वेक्षणात देशात पहिले येत राहिले, त्याचा प्रत्यय सराफ्यात पहाटे येतो. दोनच्या पुढे कढया उचलल्या जातात, झाडूवाल्या बाया येतात, आणि उजाडेपर्यंत आपण रात्री जिथे उभे होतो तिथे द्रोणाचा कपटाही दिसत नाही. जानेवारीतल्या शेवटच्या रात्री आम्ही मुद्दाम ते पाहायला थांबलो होतो. नूडल्सवाला आपली कढई राखेने घासत बसला होता, काळी कढई चकचकीत होईपर्यंत. भाऊ त्याला म्हणाला, “भिया, इतकी कशाला घासतोस? उद्या पुन्हा काळी होणारच.” तो नुसता हसला आणि घासत राहिला.

ठेले हटल्यावर मी भावाच्या मुलीला त्याच्याविषयी विचारले होते. तिला ठाऊक नव्हते. मग गराडूचा हंगाम लागल्यावर एका रात्री उशिरा तिचा निरोप आला. तो पोरगा सराफ्यातच आहे. त्या जुन्या पाटीच्या मालकाने त्याला कढईपाशी ठेवून घेतले आहे. तुकडे मागणी आल्यावरच दुसऱ्यांदा तेलात सोडतो आणि प्रत्येक घाण्यातला एक स्वतः टोचून पाहतो. “आता चांगला लागतो काका,” तिने लिहिले होते, “पण पगार विचारला तर सांगत नाही.”